परसात वाडी असताना बाग बघायला का जायचं?

पत्र

माई, आम्ही चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. घरामागे सव्वा एकराची वाडी आहे: माड, पोफळी, हापूसची चार कलमं. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पंचाहत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, पण सकाळी वाडीत फेरी मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. मुलगी अकरा वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही एका दिवसात गणपतीपुळे, रत्नदुर्ग, मत्स्यालय आणि पावस केलं. परतताना मुलीला उलट्या, अण्णा गप्प, आणि आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण. माझं माहेर दादरचं. बाबा सुट्टीत राणीबागेत न्यायचे, तेव्हापासून मला जुन्या बागांचं वेड. या वेळी म्हटलं, एखादी जुनी बाग निवांत बघून येऊ. अण्णा म्हणाले, "झाडं बघायला पेट्रोल जाळायचं? मागल्या दारी मग मी काय खुंट उभे केलेत?" यजमान हसले आणि विषय संपला. माझं चुकतंय का? आणि जायचंच झालं तर कुठे जावं?

उत्तर

ताई,

अण्णांचं वाक्य वाचून आधी पोटभर हसले. मग वाटलं, या माणसाला थेट उत्तर देणं सोपं नाही. कोकणात वाडी राखणाऱ्याला बाग बघायला चला म्हणणं म्हणजे कोळणीला मासे दाखवायला बाजारात नेणं. आपल्याकडे 'बाग' हा शब्दच कामाचा. अमका कुठे आहे विचारलं आणि 'बागेत गेलाय' असं उत्तर आलं, तर तो फिरायला गेलाय असं कुणाच्या मनात येत नाही. शिंपणं तरी चाललं असेल, नाहीतर आंबा उतरवत असेल.

याला कारण आहे. पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि दसरा उलटला की पुढचे सात-आठ महिने आभाळ कोरडं. जांभा पाणी धरून ठेवत नाही. पंप आले नव्हते तेव्हा प्रत्येक झाडाचं आळं रहाटाच्या आणि पाटाच्या पाण्याने भरायचं. ज्याला एवढ्या कष्टाने पाणी घालायचं, त्याने नारळ, सुपारी, फणस, काहीतरी हातात द्यायला हवं. नुसतं शोभेचं झाड पोसायची ऐपत घरटी एखाददुसऱ्या झाडापुरती: दारात सोनचाफा, देवळापाशी बकुळ, विहिरीच्या कडेला अबोलीचा वाफा. शोभेसाठी आख्खी बाग करायची ती गोऱ्या साहेबांनी आणि संस्थानिकांनी. म्हणून आपल्या किनाऱ्यावर अशा जुन्या बागा मोजक्या आहेत. पण ज्या आहेत, त्यांच्यामागे कुणाची तरी सत्ता, हौस किंवा दुर्दैव उभं आहे.

तेव्हा तुमचं काही चुकत नाही. अण्णांची वाडी घर चालवायला केलेली, आणि तुम्हाला बघायची आहे ती भलत्याच कारणासाठी केलेली बाग. दोन्ही बघण्यासारख्या.

पण खरं सांगू? तुमच्या पत्रात बागेपेक्षा मला मागची सीट जास्त दिसली. गेल्या सहलीत अण्णा मागच्या सीटवर पिशव्यांच्या मध्ये बसून चार ठिकाणी उतरले आणि चार ठिकाणी चढले असणार. कुणी त्यांना काही विचारलं नसेल. आयुष्यभर ज्याने झाडाच्या पानावरून रोग ओळखला, त्या माणसाला आपण सहलीत एखाद्या बोचक्यासारखं नेतो आणि वर म्हणतो, अण्णा गप्प का? या वेळी ठिकाण असं निवडा की तिथे त्यांना बोलल्याशिवाय राहवणार नाही. आणि ठिकाण एकच. फार तर दीड.

माझी पहिली पसंती रत्नागिरी, पण गेल्या वेळची नव्हे. हिची सुरुवात भाट्यापासून करा. पूल ओलांडला की सुरूच्या बनाजवळ नारळ संशोधन केंद्र आहे. नारळावरचं काम तिथे १९५५ पासून चालू आहे, म्हणजे दापोलीचं कृषी विद्यापीठ निघालं (१९७२) त्याच्याही सतरा वर्षं आधीपासून. याला ऐतिहासिक बाग म्हणावं का, यावर कुणी वाद घालेल. मी म्हणते. कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये आज उभी असलेली बाणवली, प्रताप आणि टी बाय डी या नारळाच्या जातींची रोपं कुठून आली, याचा माग काढत गेलात तर बऱ्याचदा भाट्याला पोचाल. तिथे 'लाखी बाग' आहे. माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, एकाखाली एक. माडाचं ऊन माडाला, उरलेलं जायफळाला, आणि मिरीचा वेल माडाच्याच खोडावर चढलेला. आपल्या जुन्या आगरांत हे अंदाजपंचे चालायचंच. तिथे ते अंतरं मोजून केलेलं आहे. अण्णांना फक्त एवढंच विचारा: "आपल्याकडे दोन माडांत किती अंतर आहे हो? यांनी किती ठेवलंय?" मग तुम्ही बाजूला व्हा.

एक मात्र करा. ते सरकारी केंद्र आहे, सहलीचं ठिकाण नव्हे. आधी फोन करून, बघायला येऊ का, रोपं मिळतील का, ते विचारा. रविवारी आणि सुट्टीच्या शनिवारी दार उघडं मिळेल असं धरून चालू नका. मुलीची शाळा एक दिवस बुडाली तर बुडू दे, मी मास्तरीण होते तरी सांगते.

तिथून थिबा राजवाडा. दुपारचं ऊन कातळावर तापायला लागलं की छपराखाली जायचं, म्हणून तो दुपारसाठी ठेवायचा. गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण मुलीला गाडीतच सांगून ठेवा, नाहीतर तिला तो नुसता जुना बंगला वाटेल. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रेल्वे नाही, बंदर छोटं, त्याच्या मुलखापासून शक्य तितकं लांब. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं राजा इतर बंगल्यांत राहिला, आणि स्वतःच्या म्हणवणाऱ्या वाड्यात जेमतेम सहा. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. राणी सुपायालत १९१९ मध्ये मुलींना घेऊन मायदेशी परतली. थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि शेवटपर्यंत इथेच राहिली.

तिथे फुलांचे ताटवे आणि कारंजी असतील म्हणून जाऊ नका. उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम, आणि भोवती मोठं आवार. आत सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं. वरचा मजला अण्णांच्या गुडघ्यांना जड जाईल, तेव्हा त्यांना आग्रह करू नका. खाली आवारात त्यांच्यासाठी घडीचं स्टूल टाका आणि मुलीला त्यांच्याजवळ बसवा, हातात वही देऊन. काम एकच: आवारात दिसेल त्या झाडाचं अण्णा जे नाव सांगतील ते लिहायचं. पाटीवरचं नव्हे, अण्णांचं. किनाऱ्यावरची उंडी कोणती, तिच्या बियांचं कडू तेल पूर्वी दिव्यात कसं घालायचे, सातवीण कुठली, भेरल्या माडाची झावळी मांडवाला का लावतात, काजऱ्याच्या झाडाला गुरं का तोंड लावत नाहीत. यातली सगळीच झाडं तिथे असतील असं नाही. पण एक दिसलं की अण्णा दुसऱ्यावर आपोआप जातात. म्हाताऱ्या बागाईतदारांचं असंच असतं, माझे वडील तर झाडावरून थेट कुळकायद्यावर जायचे.

संध्याकाळी तिथून जवळच थिबा पॉइंट. तिथल्या बागेचं नाव जिजामाता उद्यान. खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा आणि सकाळी तुम्ही ओलांडलेला तोच पूल. सूर्यास्ताला निम्मी रत्नागिरी तिथे असते, बाक मिळत नाही. तुम्ही साडेचारला जा, साडेपाचला उठा. यजमान म्हणतील, सूर्यास्त बघूनच निघू. त्यांना सांगा, सूर्य चिपळूणलाही बुडतो. काळोखात हातखंब्यापासून संगमेश्वर, सावर्डे करत ९० किलोमीटर येणं, ट्रकांच्या मागून, आणि गाडीत उलटी होणारं पोर. गेल्या वेळचं भांडण त्या रस्त्यावरच झालं असेल, पैज लावते.

यजमानांच्या यादीत टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, किल्ला, मत्स्यालय हे सगळं पुन्हा येईल. चांगलीच ठिकाणं आहेत. पुढच्या वेळी.

आता तुमच्या माहेरच्या राणीबागेचं. तो काही एका दिवसात जाऊन यायचा बेत नाही, पण सुट्टीत माहेरी मुक्काम असेल तर अण्णांना नक्की न्या. रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने चिपळूणहून निघालात की सकाळी दादर. राणीबाग १८६२ ची. नाव व्हिक्टोरियाचं होतं, लोकांनी ते 'राणीची बाग' असं घरगुती करून टाकलं, आणि पुढे अधिकृत नाव जिजामातेचं झालं तरी भायखळ्याच्या टॅक्सीवाल्याला राणीबागच कळते. पिंजरे आणि पेंग्विन मुलीला दाखवा, तासाभरात उरका. ती बाग खरी झाडांची आहे. गोरखचिंचेचं खोड मुलीला वितीने मोजायला लावा. कैलासपतीची फुलं खोडालाच कशी लागतात ते अण्णांना दाखवा; फणस खोडाला लागतो हे ते तुम्हाला ऐकवतीलच.

आणि उर्वशी शोधा. ब्रह्मदेशातलं झाड आहे, तांबड्या-पिवळ्या फुलांची झुंबरं खाली लोंबतात. तिकडे त्या फुलांचा मान देवळामठांत. हिवाळा सरता सरता गेलात तर फुललेली मिळायची शक्यता जास्त. आधी रत्नागिरीचा वाडा बघून मग त्या झाडाखाली उभं राहिलात तर मुलीला काही समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये खुलं झालेलं. भाऊ दाजी मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. बाहेर दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते त्याच्यामुळे. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना यारी, म्हणजे क्रेन, मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे राणीबागेत जोडून उभे केले. मला तो हत्ती फार आवडतो. न्यायला आले आणि तो गेला नाही.

अण्णांना मुंबईला यायचं निमित्त हवं असेल तर आणखी एक गंमत सांगा. सोळाव्या शतकात गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याच्याकडे मुंबई बेटाचा पट्टा होता. तिथल्या आपल्या एका आंब्याबद्दल त्याने लिहून ठेवलंय की त्याला वर्षातून दोनदा फळ धरतं. अण्णा म्हणतील, थापा. मग दोन दिवस विचार करतील आणि कुठल्या तरी गावातल्या अशाच एका आंब्याचं नाव सांगतील.

तिसरं ठिकाण सुचवते, पण ते मुक्कामाचं: श्रीवर्धन किंवा दिवेआगर. तिथे तिकिटाची बाग नाही. तिथली आगरंच जुनी आहेत, श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिथेच किनाऱ्यावर चढलं. आजोबांनी लावलेल्या, बापाने शिंपलेल्या पोफळी एका दुपारी काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. म्हणजे त्यानंतर लावलेल्या रोपांना आत्ता कुठे फळ यायला लागलं असेल. घरगुती राहायची सोय देणारे बरेच जण आगरवालेच आहेत. अशा घरी उतरा, संध्याकाळी मालकाला आणि अण्णांना ओटीवर चहा द्या आणि मुलीला घेऊन समुद्रावर निघून जा. दोन तासांनी परत या. दोघे तिथेच असतील.

फणसाड माझ्या मनात आलं होतं. मुरुडच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. शेकरू दिसेल म्हणून मुलगी नाचेल. पण तिथे चालणं आहे, चढ आहे. अण्णांना घरी ठेवून जायचं असेल तेव्हा जा. तसंही कधीतरी जावंच, त्यांनाही घर मोकळं मिळतं.

अलिबागला गेलात तर फक्त गावाचं नाव त्यांना आठवून द्या. अली नावाच्या एका श्रीमंत बेने इस्रायल गृहस्थाच्या तिथे विहिरी आणि नारळ-आंब्याच्या बागा होत्या, म्हणून अलीची बाग, अलिबाग, असं सांगतात. माणूस गेला, बागा कापल्या गेल्या, आणि एस.टी.च्या पाटीवर बाग तेवढी राहिली.

बारीकसारीक दोन गोष्टी. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. ऑक्टोबरचं ऊन कातळावर सोसत नाही, आणि पावसात शेवाळावर अण्णांचा पाय सरकला तर सगळं माझ्या नावावर. डबा घरचा न्या, पण तेलकट नको: तांदळाची भाकरी, चटणी, आणि सोलकढीपेक्षा कोकमाचं सरबत, कढी गाडीत नासते. मुलीला आधी पुढे बसवा, वळणं संपली की मागे. अण्णांना मात्र पूर्ण वेळ पुढे बसवायचं म्हणत असाल तर ती चढाओढ तुम्हीच सोडवा.

मुलीने पानं, फुलं वहीत ठेवायची असतील तर पडलेली घ्यायची. हे अण्णांनाही सांगून ठेवा, जरा हळूच. आपल्या पिढीच्या बागाईतदारांना दुसऱ्याच्या आवारातली फांदी 'नुसती लावून बघायला' मोडायची सवय असते, आणि सरकारी आवारात ते शोभत नाही. त्याऐवजी भाट्याला रोप विकत मिळालं तर एक त्यांच्या हाताने निवडू द्या. पैसे तुम्ही द्या. कोवळं रोप निवडायला त्यांना अर्धा तास लागेल, यजमान घड्याळ बघतील. बघू देत.

ते रोप घरी आल्यावर कुठे लावायचं यावरून पुन्हा वाद होईलच. त्यात मला घेऊ नका.

तुमची,
माई

ता. क. राणीबाग बुधवारी बंद असते. हे एवढं ठासून लिहायचं कारण असं की मी एकदा आईला, तिची सत्तरी उलटल्यावर, तिच्याच हट्टाखातर मुंबईला नेलं, आणि वार न बघता नेलं. फाटकाला कुलूप. आई समोरच्या फुटपाथवर रुमाल पसरून बसली, पिशवीतून घावणे काढले, आणि आतल्या झाडांचे भिंतीवरून दिसणारे शेंडे बघत म्हणाली, "ती चिंच नव्हे गो, तिचं पान वेगळं आहे." तिथून पाऊण तास उठली नाही.